जुनी मोटारसायकल, नवे सुटे भाग : वऱ्हाडातील दुरुस्तीची परंपरा आणि 'मूळ रूपा'चा ऐतिहासिक प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे असा क्रम आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. यंत्रांचा समावेश या क्रमात क्वचितच होतो. रेल्वे किंवा कापड गिरणी यांसारख्या मोठ्या यंत्रांना आर्थिक इतिहासात स्थान मिळाले. परंतु सामान्य माणसाने स्वतःच्या मिळकतीतून घेतलेले, गरजेप्रमाणे बदललेले आणि पुढे मुलाच्या हाती सोपविलेले यंत्र इतिहासलेखनाच्या बाहेरच राहिले. मोटारसायकल हे असे एक यंत्र होय. तिच्या आवाजावरून पडलेले 'फटफटी' हे नाव वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या तोंडी आजही आहे.

अमरावती व अकोला शहरांत आणि भोवतालच्या तालुक्यांत बुलेट, जावा, येझदी, राजदूत या गाड्या अजूनही पाहावयास मिळतात. मात्र कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी विरळा. कुणाची सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारा व्होल्टची झालेली असते, कुणाच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आलेला असतो, तर कुणाचा कार्बोरेटर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा असतो. असे बदल म्हणजे मूळ वस्तूची हानी समजावी की तिच्या इतिहासाचा भाग समजावा? केंद्र शासनाने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केल्यापासून हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. कोणते जुने वाहन वारसा ठरेल आणि कोणते नुसते जुने ठरेल, याचा निर्णय आता 'मूळ रूप' या एका कसोटीवर होऊ लागला आहे.

वऱ्हाडातील जुन्या मोटारसायकली टिकल्या त्या बदलत गेल्या म्हणूनच. तेव्हा झालेल्या बदलांची नोंद ठेवणे हे मूळ रूप जपण्याइतकेच इतिहासाचे काम आहे, अशी प्रस्तुत निबंधाची मांडणी आहे. त्यासाठी मोटार वाहनविषयक कायदे व नियम, उत्पादक कंपन्यांचा ज्ञात इतिहास आणि प्रत्यक्ष वाहन ही तीन साधने वापरली आहेत.

१. परदेशी आराखडा, देशी कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या 'डिस्पोजल'च्या मालातून बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा ब्रिटिश गाड्या भारतीय बाजारात आल्या. दिल्लीत तर युद्धकाळातील हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे प्रवासी बसण्याची पेटी जोडून 'फटफट सेवा' चालविली गेली. स्वतंत्र भारतातील मोटारसायकल उत्पादनाला खरी गती १९५५ नंतर मिळाली. त्या वर्षी इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावरील जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १९६२ पासून बाजारात आली. तिचा मूळ आराखडा पोलंडमधील एसएचएल या गाडीचा होता.

म्हणजे वऱ्हाडातील शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला किंवा कापसाचा अडत्या ज्या गाडीवर बसला, ती गाडी इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया किंवा पोलंड येथील रस्ते व हवामान डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. एनफील्डची मूळ ब्रिटिश कंपनी १९७० पर्यंत बंद पडली, तरी तिची बुलेट भारतात तयार होत राहिली. ज्या वस्तूचे 'मूळ' स्थळच नाहीसे झाले, तिचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

परवाना पद्धतीच्या काळात उत्पादन मर्यादित होते आणि आयातीवर निर्बंध होते. नवी गाडी नोंदणी करून दीर्घ प्रतीक्षेनंतर मिळे. अशा परिस्थितीत गाडी जुनी झाली म्हणून टाकून देणे कुणालाच परवडणारे नव्हते. सुटा भाग मिळाला नाही तर तो लेथवर घडवून घ्यावा किंवा दुसऱ्या गाडीचा जुळवून घ्यावा, हाच मार्ग उरत असे.

२. यंत्राशी वऱ्हाडची जुनी ओळख

हा मार्ग वऱ्हाडला नवा नव्हता. १८६० च्या दशकात रेल्वे आली, मार्च १८७० मध्ये खामगाव शाखेचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले आणि कापसाच्या बाजारपेठांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. ही यंत्रे बहुतांशी विलायती होती. हंगाम मात्र येथील होता. ऐन कापसाच्या हंगामात सरकीयंत्राचा रोलर किंवा पट्टा गेला तर इंग्लंडहून भाग येईपर्यंत थांबता येत नसे. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने बसली. लेथ, वेल्डिंग, ओतकाम आणि 'जुळवून घेणे' यांची जी माहिती मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये दिसते, तिची मुळे जिनिंगच्या व ऑइल इंजिनाच्या दुरुस्तीत शोधता येतात, असे अनुमान करण्यास आधार आहे.

जुन्या वाहनाला नवे यंत्र बसविण्याचे वऱ्हाडातील सर्वांत परिचित उदाहरण रेल्वेचे आहे. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरील 'शकुंतला' मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनावर अनेक दशके धावली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्या इंजिनाला निवृत्त करून डिझेल इंजिन जोडण्यात आले. तेव्हा कुणीही 'ही शकुंतला नव्हे' असे म्हटले नाही. मार्ग तोच, स्थानके तीच, प्रवासीही तेच. इंजिन बदलले म्हणून गाडीची ओळख पुसली गेली नाही. हा दाखला पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

३. बदल कोणते आणि का?

मोटारसायकलमधील बदल हे केवळ शोभेसाठी झाले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांना ठोस कारण होते.

पहिला बदल विजेचा. बुलेट, जावा व राजदूत यांच्या जुन्या गाड्यांत सहा व्होल्टची व्यवस्था होती. ३५ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर लावावयाचा तर जवळजवळ सहा अँपिअर प्रवाह लागतो; बारा व्होल्टवर तोच प्रवाह तीन अँपिअरच्या आत येतो. जुनी तार, गंजलेले स्विच आणि सैल जोड यांतून जेवढा अधिक प्रवाह वाहतो, तेवढी वीज वाटेतच खर्ची पडते. त्यामुळे सहा व्होल्टचा दिवा मंद पिवळा पडे. दर्यापूर किंवा अकोटच्या आडरस्त्यावर अंधारात बैलगाडी समोर आली की या मंद दिव्याचा अर्थ कळत असे. बारा व्होल्टची कॉइल, बॅटरी आणि हॅलोजन दिवा बसविणे ही हौस नव्हती, ती सुरक्षिततेची गरज होती.

दुसरा बदल ठिणगीचा. जुन्या गाडीत ठिणगी पडण्याची वेळ 'पॉइंट' ठरवीत. या पॉइंटमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. धूळ, तेल आणि झीज यांमुळे ते बदलले की गाडी अडखळते. उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा या दोन्हींचा त्रास येथे होतो. म्हणून पॉइंट व कंडेन्सर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविण्याची पद्धत रूढ झाली.

तिसरा बदल सिलिंडरचा. हे सर्व इंजिन हवेने थंड होणारे. अकोल्याचे मे महिन्यातील तापमान ४५ अंशांच्या वर जाते. अशा हवेत दोघांना बसवून, वर सरकीचे पोते लादून गाडी दामटली की पिस्टन जाम होतो. मग सिलिंडर 'बोअर' करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. ही मापे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशी चढत जातात. त्यापुढे नवी स्लीव्ह बसवून पुन्हा पहिल्या मापावर यावे लागते. पिस्टनच्या माथ्यावर हे माप कोरलेले असते. झाडाच्या खोडातील वलये मोजावीत तसे इंजिनाचे आयुष्य या आकड्यांवरून वाचता येते. इतिहासाच्या अभ्यासकाने याहून स्पष्ट लेख कोणता मागावा?

चौथा बदल ब्रेक, चाके व मडगार्ड यांचा. काळ्या कसदार मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसतो व चाक फिरेनासे होते. म्हणून खेड्यांत मडगार्ड वर उचलून घेणे किंवा कापणे हे नेहमीचे काम असे. रस्ते सुधारले, वेग वाढला, तसा जुना ड्रम ब्रेक अपुरा पडू लागला आणि नव्या गाडीचा पुढचा चिमटा, चाक व डिस्क ब्रेक असा संचच जुन्या गाडीला बसविला जाऊ लागला.

इंधनातील बदलानेही मालकांना हात घालावयास लावला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करते. परिणामी टाकी आतून गंजते व नळ्या तडकतात. आज एखाद्याने १९६५ ची जावा 'जशीच्या तशी' चालवावयाची म्हटली, तरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग नव्या प्रकारचे घातल्याशिवाय ती निर्धोक चालणार नाही. मूळ रूपाचा आग्रह आणि पेट्रोल पंपावर मिळणारे इंधन यांचा मेळच बसत नाही.

४. शेतीकडे झुकलेले बदल

भारतातील इतर प्रदेशांशी तुलना केल्यास वऱ्हाडचे चित्र अधिक स्पष्ट होते. उत्तरेत, विशेषतः पंजाबात, बुलेटचे पेट्रोल इंजिन काढून तेथे लहान डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा पडली. स्वस्त इंधन हे त्याचे कारण. पुढे एनफील्डनेच सुमारे ३२५ सीसीची डिझेल बुलेट बाजारात आणली. गॅरेजने केलेला बदल कारखान्याने स्वीकारावा, याचे हे बोलके उदाहरण आहे. सौराष्ट्रात बुलेटच्या आधारे तीनचाकी 'छकडा' निर्माण झाला. तेथीलच अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी या शेतकऱ्याने १९९४ च्या सुमारास डिझेल बुलेटच्या मागच्या चाकाच्या जागी औते जोडण्याची सोय करून 'बुलेट सांती' हे आंतरमशागतीचे साधन तयार केले. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्याची दखल घेतली व त्याला पेटंटही मिळाले.

सौराष्ट्र आणि वऱ्हाड हे दोन्ही कोरडवाहू कापसाचे प्रदेश. बैलजोडी बाळगणे महाग झाले की कपाशीच्या ओळींमधील डवरणी कशाने करावी, हा दोन्हीकडचा प्रश्न. सौराष्ट्रात मोटारसायकल स्वतःच औत झाली. वऱ्हाडात ती प्रामुख्याने शेत आणि बाजार यांच्यामधील वाहन राहिली. तिच्यातील बदल कॅरिअर, फवारणी पंप अडकविण्याचे आकडे, दुधाच्या कॅनसाठी लोखंडी चौकट अशा स्वरूपाचे झाले. ज्याला आज शोभेच्या दृष्टीने 'ओबडधोबड वेल्डिंग' म्हणून कापून टाकले जाते, ते वस्तुतः कृषी-अर्थव्यवहाराचे अवशेष आहेत.

५. १९८५ नंतरचे वळण

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने नव्या गाड्या आल्या. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्यावर १९८३ मध्ये काढलेली ३४७ सीसीची दोन सिलिंडरची राजदूत ३५० वेगवान असूनही १९८९ पर्यंतच टिकली. हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या १९८५ च्या गाड्यांनी मात्र बाजाराची दिशा बदलली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी हाती आल्यावर जावा, राजदूत मागे पडल्या. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले.

या घटनेचे दोन परिणाम झाले. जुन्या गाड्यांचे मूळ भाग दुर्मीळ झाले, आणि नव्या गाड्यांचे भाग गल्लोगल्ली मिळू लागले. यापूर्वीचा मिस्त्री भाग घडवीत असे. यानंतरचा मिस्त्री भाग जुळवू लागला. कौशल्याचे स्वरूपच बदलले. त्याबरोबर चालविणाऱ्याचे कौशल्यही बदलले. जुन्या बुलेटवर किक मारण्यापूर्वी अँपिअरचा काटा मध्यावर आणावयाचा, डीकॉम्प्रेसर दाबावयाचा आणि मगच पायाचा जोर द्यावयाचा, ही रीत शिकावी लागे. न शिकणाऱ्याची नडगी शेकून निघे. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. जावात किक व गिअर यांना मिळून एकच दांडा होता. सेल्फ स्टार्ट व डाव्या पायाचा गिअर बसविला की गाडी सोपी होते, हे खरे. परंतु एका पिढीच्या शरीरात मुरलेली ही रीत त्याबरोबर नाहीशी होते. बदलाच्या बाजूने लिहितानाही या हानीची नोंद करणे आवश्यक आहे.

६. कायद्याची कसोटी

भारतात मोटार वाहनांचे १९१४, १९३९ व १९८८ असे तीन प्रमुख कायदे झाले. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २००० च्या दुरुस्तीने 'बदल' म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फरक, असे स्पष्टीकरण जोडले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावून उत्पादकाचा आराखडा हीच मर्यादा मानली. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचा विचार करता या भूमिकेमागील तर्क समजण्याजोगा आहे. अकुशल वेल्डिंगने बदललेली चासी हे केवळ मालकाचे संकट नसते.

यानंतर १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांविषयी तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरासाठी नाही.

वारशाला कायदेशीर मान्यता मिळाली, ही बाब स्वागतार्हच आहे. तथापि तिच्या निकषांत एक सामाजिक कल दडलेला आहे. पन्नास वर्षे गाडीला हात न लावता ती जपणे कुणाला शक्य होते? ज्याच्याकडे दुसरे वाहन होते, बंदिस्त जागा होती आणि भागांसाठी वाट पाहण्याची ऐपत होती, त्याला. ज्याने त्याच गाडीवर संसार ओढला, त्याची गाडी या चौकटीत बसणे कठीण. संस्थानिकाची मोटार वारसा ठरते आणि दूधवाल्याची राजदूत भंगार ठरते.

७. जपणुकीचा पर्यायी विचार

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यासमोर होता. वाहनाच्या नेहमीच्या वापराच्या काळात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचा भाग मानावेत. नंतर करावे लागणारे बदल मर्यादित, पूर्ववत करता येण्याजोगे आणि नोंदलेले असावेत. काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपावेत, असा तिचा आशय आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारात यादवकालीन भिंतीवर मराठाकालीन शिखर आढळले तर आपण ते शिखर पाडत नाही. दोन्ही काळांची नोंद घेतो. मोटारसायकललाही हाच न्याय लावावयास हवा.

प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांची १९७४ ची राजदूत आहे. ते खेड्यातील शाळेत शिक्षक होते. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लाल आहे. गाडी काळी आहे. दिवे बारा व्होल्टचे, स्पीडोमीटर दुसऱ्याच गाडीचे, पिस्टनवर १.०० हा आकडा, आणि मागे फवारणी पंपासाठी वेल्ड केलेला आकडा. ती मूळ रूपात आणण्याचे ठरले तेव्हा मिस्त्रीने सर्वप्रथम तो आकडाच कापावयास घेतला. त्यास थांबविले, याचे कारण भावनिक होते हे मान्य केले पाहिजे. शाळा सुटल्यावर वडील त्याच गाडीने शेतावर जात, हे सांगणारा दुसरा कागद घरात नाही. पगारपत्रक त्यांना शिक्षक ठरविते, सातबारा शेतकरी ठरवितो. ही दोन्ही कामे एकाच संध्याकाळी करणारा माणूस फक्त त्या आकड्यात सापडतो. आकडा ठेवला. ब्रेक व नळ्या मात्र नव्या बसविल्या, कारण गाडी चालली पाहिजे. काढलेले भाग एका पेटीत तारखेच्या चिठ्ठीसह ठेवले आहेत.

निष्कर्ष

१. वऱ्हाडातील जुन्या मोटारसायकलींमधील बदल प्रामुख्याने हवामान, माती, रस्ते, इंधन आणि भागांची टंचाई यांना दिलेला प्रतिसाद होता. शोभेचा हेतू बहुधा नंतरचा आहे.

२. जिनिंग-प्रेसिंग व ऑइल इंजिनाच्या काळातील यंत्रज्ञान मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये पुढे चालू राहिले. घडविण्याकडून जुळविण्याकडे झालेले स्थित्यंतर १९८५ नंतर स्पष्ट होते.

३. 'मूळ रूप' ही कसोटी सुरक्षितता व वारसा या दोन वेगळ्या हेतूंसाठी एकाच अर्थाने वापरली जाते. सुरक्षिततेसाठी ती योग्य असली, तरी वारशासाठी अपुरी आहे. वापराच्या काळातील नोंदलेले बदल मान्य करणारा स्वतंत्र वर्ग नियमांत असावयास हवा.

४. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांतून अशा वाहनांची नोंदपत्रके तयार करावीत. त्यांत नोंदणी पुस्तक, इंजिन व चासी क्रमांक, पिस्टनचे माप, बदललेल्या भागांची यादी आणि ते बदलणाऱ्या मिस्त्रीचे निवेदन यांचा समावेश असावा.

शेवटची शिफारस तातडीची आहे. पॉइंट कानाने लावणारे आणि पिस्टन हाताने पारखणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. गाड्या पेटीत भाग ठेवून जपता येतील. त्यांचे ज्ञान मात्र विचारल्याशिवाय मिळणार नाही, आणि विचारण्यास फार अवधी उरलेला नाही.